सीटमागची रायफल

आर्डिस टॉलेफ्सनने बोल्टच्या मुठीवर आधी तळहात मारला, मग बुटाची टाच मारली, शेवटी कुंपणाचा हातोडा काढून घाव घातले. बोल्ट तसूभरही सरकला नाही.

समोर तिची गाय पडली होती. आमच्याकडे कुरणाच्या रस्त्यावर फाटक बसवत नाहीत. खड्डा खणून त्यावर लोखंडी नळ आडवे टाकतात. गाडी वरून निघून जाते, गुरं मात्र पाय अडकेल या भीतीने थबकतात. त्या सकाळी मोसमातला पहिला बर्फ पडला, नळांमधल्या फटी भरून गेल्या, आणि ही गाय सपाट जमीन समजून बिनधास्त चालत गेली. पुढचा पाय फटीत गेला आणि गुडघ्याखाली असा मोडला की बघणाऱ्याने दुसऱ्यांदा बघू नये. अशा जनावराला डॉक्टर नाही आणि औषधही नाही. एक गोळी, आणि तीही लवकर.

रायफल ट्रकच्या सीटमागे होती. टॉलेफ्सनांच्या ट्रकमध्ये ती वडिलांच्या काळापासून तिथेच असायची. पण बोल्ट, म्हणजे हाताने उचलून मागे ओढायचा तो दांडा, जो ओढल्याशिवाय गोळी नळीत जात नाही, तो गंजून जागच्या जागी बसला होता. आर्डिस त्या रायफलला जे काही बोलली ते चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. गाय ओरडत नव्हती. नुसती बघत होती.

अखेर तिने घरी जाऊन डेल्मर स्ट्रांडला फोन लावला. डेल्मर टेकडीपलीकडचा शेजारी. तो येईपर्यंत आर्डिस परत येऊन बर्फात गुडघे टेकून, गाईच्या मानेवर हात ठेवून बसून राहिली. तो आला, उतरला, एका गोळीत काम केलं, टोपीला हात लावला आणि अक्षरही न बोलता निघून गेला. काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. बोलला तो, पण दुसऱ्या दिवशी, व्हिट्लो गावातल्या कॅफेत, भरल्या टेबलासमोर.

चूक कुठे झाली ते तिला ट्रकचं दार उघडताच कळलं होतं. मीठ. गुरांना चाटायला मिठाच्या मोठ्या विटा कुरणात ठेवाव्या लागतात. मागच्या उघड्या हौद्यात ठेवल्या तर पावसाने विरघळतात, आणि हौद्यात कुत्रा बसतो तो त्या चाटून आजारी पडतो, म्हणून तिने उन्हाळाभर त्या सीटमागे ठेवल्या होत्या. रायफलीला टेकून. विटांचा चुरा, ओल्या हातमोज्यांचं पाणी, बंद गाडीतली वाफ. लोखंडाने आणखी काय करायला हवं होतं? मॉन्टानाच्या या भागात निम्म्या लोकांनी ही चूक केलेली आहे. फरक इतकाच, की त्यांच्या वेळी शेजाऱ्याला बोलवायची पाळी आली नव्हती.

आणि शेजाऱ्याला बोलावणं ही टॉलेफ्सनांच्या घरात साधी गोष्ट नव्हती.

वडील, हाल्वर टॉलेफ्सन, कमी बोलणारे नॉर्वेजियन. त्यांनी मुलांना देवाबद्दल फारसं सांगितलं नाही, ते काम चर्चवर सोडलं. पण एक गोष्ट पक्की शिकवली: ज्या जनावराच्या अंगावर आपल्या मालकीचा, तापल्या लोखंडाचा डाग आहे, त्याचे हाल संपवायचं काम आपलं. ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, पैसे देऊन करवून घ्यायचं नाही आणि उद्यावर टाकायचं नाही. ज्याला ते जमत नाही त्याने जनावर पाळू नये. आर्डिस शाळेत होती तेव्हा तिच्या स्वतःच्या वासराला कोल्ह्यांनी अर्धवट फाडलं. हाल्वरने रायफल तिच्या हातात दिली, तिच्या मागे उभे राहिले, आणि तिला वेळ लागला तरी पुढे आले नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी तिच्या कॉफीत पहिल्यांदा दूध घातलं नाही. मोठ्या माणसाची कॉफी.

त्यानंतर आर्डिसचं आयुष्य त्या कुरणातच गेलं. मिनियापोलिसला टायपिंग शिकायला गेली होती. हिवाळा संपायच्या आत परत आली, म्हणाली, तिथे क्षितिजच नाही, आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही. एक साखरपुडाही झाला होता. मुलगा चांगला होता, स्पोकेनला विम्याच्या कचेरीत नोकरी, दात सरळ. लग्नाची तारीख त्याच्या आईने एप्रिलमध्ये धरली. आर्डिसने कळवलं की एप्रिलमध्ये गाई वितात, जूनमध्ये करू. त्याने विचारलं की गाई महत्त्वाच्या की मी. एवढ्या सरळ प्रश्नाला तिने सरळ उत्तर दिलं. पुढे कुणी हळहळून विषय काढला तर ती म्हणायची, “अगं, त्या वर्षी वासरं फार छान झाली होती.”

कुरण अर्धं तिचं आणि अर्धं थोरल्या भावाचं, ओरिनचं. ओरिन व्हिट्लोत राहायचा. बायको गेल्यावर त्याने आपली गुरं विकली, फक्त एक करडा घोडा कुरणात ठेवला, निकल नावाचा. दर रविवारी चर्चनंतर तो त्याला सफरचंद द्यायला यायचा आणि बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून मांस-बटाटे खात तिच्या चुका काढायचा. त्याला यात आनंद होता, आणि खरं सांगायचं तर तिलाही.

पण गाईच्या प्रकरणानंतरच्या रविवारी त्याने ताट पुढे सरकवलं आणि टोपी मांडीवर ठेवली. टोपी मांडीवर म्हणजे गंभीर.

“डेल्मर सांगत होता,” तो म्हणाला.

“डेल्मरला सांगायला बरं काहीतरी मिळालं. नाहीतर तो बिचारा आपल्या गुडघ्याबद्दल बोलतो.”

“आर्डिस, हसण्यावारी नेऊ नकोस. बाबा काय म्हणायचे?”

“बाबा मला म्हणायचे. तू तेव्हा फुटबॉल खेळत होतास.”

“ज्याला आपलं जनावर आपल्या हाताने संपवता येत नाही त्याने ते पाळू नये. तू हे माझ्या पोरांनाही ऐकवलंयस. आता तुझ्यावर आलं तर?”

आर्डिसने त्याचं ताट उचललं. वर्मी बसलं होतं.

“मी गुरांची गाडी सांगितली आहे,” ओरिन म्हणाला. “थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा मंगळवार. सगळ्या गाई लिलावाला. कुरण भाड्याने देऊ. तू गावात ये, माझ्या शेजारचं घर रिकामं आहे.”

“तुझ्या शेजारी? मग लिलावात मलाही उभी कर.”

“अर्ध्या गवताचा मालक मी आहे. माझ्या अर्ध्यावर यंदा गाई राहणार नाहीत. आणि तुझ्या एकटीच्या अर्ध्यावर त्या जगणार नाहीत. बस.”

त्याने टोपी घातली. उठून कॉफीचा कप टेबलावर ठेवताना त्याचा हात इतका थरथरला की कप बशीवर वाजला. दोघांनीही तो आवाज ऐकला नाही. गेली दोन वर्षं घरातलं कुणीच तो ऐकत नव्हतं.

आर्डिसने भांडी घासली, गंजलेली रायफल टेबलावर ठेवली आणि तेल घालून, गरम करून, लाकडी ठोकळ्याने ठोकून बोल्ट उघडला. आत नळी खवल्यांसारखी झाली होती. वडिलांची रायफल. तिने ती पुसली, भिंतीवर टांगली आणि कुत्र्याला म्हणाली, “चल. खरेदीला.”

व्हिट्लोत लॉयल बेट्झचं दुकान होतं. पुढे कुंपणाची तार, बूट आणि घोड्यांची औषधं, मागच्या भिंतीवर बंदुका, आणि मधे एक शेगडी, जिच्याभोवती काही न विकत घेणारी माणसं बसलेली असत. आर्डिस आत आली तेव्हा डेल्मर स्ट्रांड तिथेच होता. ती आली तशी शेगडीभोवतीची बोलणी थांबली. तिला बरं वाटलं. लोक बघत असले की तिचा कणा आपोआप ताठ व्हायचा.

“लॉयल, ट्रकमध्ये ठेवायला रायफल हवी. बोल्टची.”

“आर्डिस,” डेल्मर म्हणाला, “येताना मिठाची वीट घेऊन आलीस ना? टेकवून बघ आधी.”

शेगडीभोवती हसू पिकलं.

“डेल्मर, तू परवा आलास त्याचे आभार मी मानलेच नव्हते. आता मानते, सगळ्यांसमोर. आता पुन्हा तुला यायला लागू नये म्हणून मी इथे आले आहे. तुला आणखी काही बोलायचं आहे, की गुडघ्याबद्दल ऐकवतोस?”

डेल्मरने कॉफीत तोंड घातलं. तसा तो वाईट माणूस नव्हता.

लॉयलने सगळ्यात आधी भिंतीवरची सुंदर रायफल उतरवली. अक्रोडाचा दस्ता, त्यावर कोरलेलं हरीण, निळसर काळी चकाकणारी नळी.

“ही लग्नात मिरवायला ठेव,” आर्डिस म्हणाली. “ट्रकमध्ये हिच्यावर तारांचं भेंडोळं पडणार, कुत्रा झोपणार, मी बसणार. महिन्याभरात हिचं हरीण लंगडं होईल. आणि किंमत? माझा नियम सरळ आहे. ट्रकच्या चार टायरांपेक्षा महाग बंदूक ट्रकमध्ये ठेवायची नाही. नाहीतर माणूस जनावर सोडून बंदुकीचीच काळजी करत बसतो.”

लॉयलने दुसरी काढली. छोटी, हलकी, बारीक गोळीची. “बायामाणसांना ही आवडते, आर्डिसबाई. धक्का बसत नाही.”

“कुणाला? माझ्या बैलाचं वजन तुझ्या गाडीइतकं आहे. हिने मारलं तर तो मान वळवून बघेल कोण गुदगुल्या करतंय ते. मोठी, तीनशे आठ नंबरच्या गोळीची दाखव. ती गोळी पेट्रोल पंपावरसुद्धा मिळते. गोळीसाठी ऐन वेळी शंभर मैल जायला लावणारी बंदूक मला नको.”

तिसरी नवी होती, स्वस्त होती, प्लास्टिकच्या काळ्या दस्त्याची. हिच्याकडे आर्डिसने जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, “मी हिला ट्रकमध्ये बसवून बघते.”

“बाहेर? बर्फ पडतोय.”

“मग काय, मी तिला दिवाणखान्यात वापरणार आहे?”

शेगडीभोवतीची माणसं उठून खिडकीशी आली. आर्डिसने रिकामी रायफल सीटमागे सरकवली, सीट मागे लोटली, दार लावलं. मग जाड लोकरी हातमोजे घातले, ज्यांत अंगठा सोडून सगळी बोटं एकत्र असतात, दार उघडलं आणि रायफल ओढून बाहेर काढली. नळी लांब होती; आरशाला अडकली. आणि गोळ्यांची डबी, जी खालून खटकन बसते, ती सीटच्या कडेला घासून निघाली आणि खाली पडली. सुतळ्या, केस, खिळे, रिकामे कप यांच्यात दिसेनाशी झाली. कुत्र्याने ती शोधून तिच्या हातात दिली, तोंडात धरून.

ती आत आली आणि ओली डबी काउंटरवर ठेवली. “ही बर्फात पडली असती तर मला मे महिन्यात सापडली असती. सुटं काही नसलेली दे.”

लॉयलने मान खाजवली. मग आतल्या खोलीत गेला आणि एक करडी, ओबडधोबड रायफल घेऊन आला. नळी आखूड. दस्त्यावर ओरखडे. गोळ्या वरून, एकेक करून, पोटात भरायच्या. खाली पडण्यासारखं काही नाही. वर दुर्बीण नाही, नळीवरच नेम धरायची जाड लोखंडी खूण, माशी म्हणतात ती. पाइपलाइनवर काम करणाऱ्या एका माणसाने विकली होती. तो टेक्सासला परत गेला, थंडीला कंटाळून.

“विकायला ठेवलेली नव्हती,” लॉयल म्हणाला. “दिसायला अशी आहे, लाज वाटते भिंतीवर टांगायला.”

“माझ्याबद्दलही लोक असंच म्हणतात.”

तिने हातमोजे न काढता बोल्ट उचलला, मागे ओढला, पुढे लोटला. पुन्हा. पुन्हा. धातूवर मॅट करडा थर होता, पोचे पडले होते तिथेही गंज नव्हता. ती बाहेर गेली, सीटमागे घातली, ओढून काढली. कुठेच अडकली नाही. मग तिने ती हौद्यात टाकली, हातोडा आणि साखळ्यांवर, आणि ट्रक दुकानाभोवती फिरवून आणला. खिडकीत कुणीतरी हळहळलं. परत येऊन तिने पुन्हा बोल्ट ओढला. आला.

“किती वर्षं टिकेल?”

“तुमच्या वापराला पुरेल,” लॉयल म्हणाला.

“माझा वापर म्हणजे किती?”

लॉयल काउंटरवरचे गोळ्यांचे डबे सारखे करू लागला. त्याचे कान लाल झाले.

“तू मनात माझं वय मोजतोयस. तुझा बाप या काउंटरमागे होता तेव्हा तू माझ्या मांडीवर ओलं केलं होतंस, मी ते मोजलं का? मला वीस हिवाळे टिकणारी हवी. वीस झाले की परत येईन आणि दुसरी नेईन.”

“टिकेल वीस हिवाळे,” लॉयल म्हणाला. “तुम्ही सीटमागे मीठ ठेवलंत तरी टिकेल.”

“ठेवणार नाही. मी म्हातारी आहे, मूर्ख नाही. काल होते, आज नाही.”

किंमत चार टायरांच्या आत बसली, इतकी आत की लॉयलने गोळ्यांचे दोन डबे वर दिले. दाराशी डेल्मर होता. त्याने तिच्यासाठी दार धरलं आणि हळूच म्हणाला, “आर्डिस, ओरिन म्हणतो तू यंदा सगळं विकतेस.”

“ओरिन पुष्कळ काही म्हणतो,” ती म्हणाली.

घरी येऊन तिने मिठाच्या विटांना पत्र्याची झाकणाची पेटी केली आणि ती हौद्यात कोपऱ्यात नट आवळून बसवली. गवताच्या गठ्ठ्यावर कागदाची ताटली लावली, ट्रकच्या नाकावर कोपर टेकून गोळी झाडली. गोळी उजवीकडे गेली. माशी हातोडीने हळूच सरकवली, पुन्हा झाडली, पुन्हा सरकवली. अंधार पडायच्या आत ताटलीच्या मधोमध एकच मोठं भोक होतं. ती ताटली तिने चुलीत टाकली.

गाडी यायच्या आधीचा रविवार आला. ओरिन आला. भिंतीवर वडिलांची रायफल बघितली, ट्रकमध्ये नवी बघितली.

“बंदूक नवी आणलीस म्हणून तू नवी होत नाहीस,” तो म्हणाला.

“जुनीच आणली. माझ्यासारखी.”

“गोळी लागते का कुठे?”

“लागते.”

“दाखव.”

“नाही.”

“का? घाबरतेस?”

“ओरिन, कागदाच्या ताटलीला तीन गोळ्यांत मारलं तरी तिला काही वाटत नाही. तिच्यावर माझी परीक्षा घेऊन तुला काय कळणार? मी जत्रेतली नेमबाज नाही. गाई माझ्या आहेत, त्यांचं बरंवाईट मी करणार, आणि मंगळवारची गाडी रिकामी जाणार. तुझं अर्धं गवत तुला हवं असेल तर मधे कुंपण घाल. खांब मी देते. खड्डे तू खण.”

“गाडी भरूनच जाईल,” ओरिन म्हणाला आणि खिशातलं सफरचंद चाचपत घरामागच्या फाटकाकडे गेला.

निकल फाटकाशी नव्हता. रविवारी तो नेहमी तिथे असायचा. इतका म्हातारा झाला तरी त्याला रविवार कळायचा. ओरिनने हाक मारली, शिट्टी वाजवली. मग दोघं ट्रकमध्ये बसून खालच्या ओढ्याकडे गेले.

घोडा ओढ्याच्या काठावर पडला होता. भुसभुशीत बर्फाखाली घट्ट बर्फ होता, काचेसारखा. मागचा पाय घसरला होता आणि मांडीतून मोडला होता. तो उठायचा प्रयत्न करून करून दमला होता. भोवतालचा बर्फ त्याने घासून काळा केला होता. ओरिनला बघून त्याने कान पुढे केले.

ओरिन ट्रकमधून उतरला आणि सफरचंद हातात धरून नुसता उभा राहिला. घोड्याच्या खांद्यावर ओरिनचा डाग होता. आता काय करायचं हे दोघांपैकी कुणी बोलायची गरज नव्हती. आर्डिसने सीटमागून रायफल काढली, बोल्ट ओढून गोळी नळीत घातली आणि ती भावाच्या हातात दिली. मग ती त्याच्या मागे उभी राहिली. पुढे गेली नाही.

ओरिनने दस्ता खांद्याला लावला. नळीचं टोक वर गेलं, खाली आलं, बाजूला गेलं. त्याने रायफल खाली घेतली, श्वास घेतला, पुन्हा लावली. टोक पुन्हा तसंच हलत राहिलं, वाऱ्यात गवताचं पातं हलावं तसं.

“चष्म्यावर वाफ आली,” तो म्हणाला.

“पूस.”

त्याने चष्मा पुसला. पुन्हा लावली. हात आता कोपरापासून थरथरत होता. घोड्याने मान टेकवली, पुन्हा उचलली.

आर्डिसच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. ज्याला जमत नाही त्याने पाळू नये. त्याने ते तिच्याच टेबलावर, तिचंच जेवण जेवून तिला ऐकवलं होतं, आणि त्यानंतर ती रोज सकाळी ते उलट कसं फेकायचं याचा मनात सराव करत होती. इतकं नेमकं ठिकाण पुन्हा मिळणार नव्हतं. तिने भावाच्या पाठीकडे बघितलं. कोट त्याला ढगळ झाला होता. कधी झाला, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“दे इकडे,” ती म्हणाली.

“डाग माझा आहे,” ओरिन म्हणाला, न वळता.

“डाग तुझा असेल. तुझी गुरं गेली तेव्हापासून दर हिवाळ्यात याला गवत कोण घालतंय? खुरातला बर्फ कोण काढतंय? तू सफरचंद देतोस, पाहुण्यासारखा. घोडा माझा आहे, ओरिन. दे.”

तो वळला. त्याचे डोळे ओले होते आणि त्यात रागही होता, आणि आर्डिसला तो राग बघून बरं वाटलं. त्याने रायफल दिली.

“आधी सफरचंद दे त्याला,” ती म्हणाली.

ओरिन बर्फात वाकला. निकलने सफरचंद घेतलं, चावलं, अर्धं तोंडातून सांडलं. ओरिनने त्याच्या कपाळावरचे केस नीट केले आणि बाजूला झाला. आर्डिस पुढे गेली, जवळ, अगदी जवळ, जिथून चुकता येत नाही. हातमोजे घातलेलेच होते. एक गोळी. घोड्याची मान एकदाच खाली आली.

तिने बोल्ट ओढला, रिकामं काडतूस बर्फात पडून चर्र झालं. ओढ्यातल्या बर्फाखालून पाण्याचा आवाज येत होता.

“त्याला कळलंसुद्धा नाही,” ओरिन म्हणाला.

“नाही कळलं.”

“माझ्या हातांचं कुणाला सांगू नकोस.”

“तुझ्या हातांचं अख्ख्या व्हिट्लोला माहीत आहे. चर्चमध्ये तू प्रार्थनेचं पुस्तक धरतोस तेव्हा मागच्या बाकावरच्यांना पानांचा वारा लागतो.”

ओरिन हसला. म्हणजे तोंडातून काहीतरी आवाज निघाला आणि खांदे हलले. तो हसण्याचाच होता असं आर्डिसने ठरवलं. त्याने खाली बसून घोड्याच्या खांद्यावरच्या डागावर हात ठेवला आणि बर्फ त्याच्या टोपीवर साचेपर्यंत तसाच राहिला. तिने त्याला घाई केली नाही.

घरात आल्यावर तिने कॉफी ठेवली. ओरिन खुर्चीत बसला, कोट न काढता.

“मी गाडीवाल्याला फोन करतो,” तो म्हणाला. “नको म्हणून सांगतो.”

“तू नाही करायचा.”

“मीच सांगितली होती.”

“म्हणूनच. गाई माझ्या आहेत. त्या जाणार आहेत की राहणार आहेत हे तुझ्या तोंडून कुणाला कळता कामा नये. आजही नाही आणि पुढेही नाही.”

तिने भिंतीवरचा फोन उचलला आणि नंबर फिरवला. ओरिन बघत राहिला. पलीकडे गाडीवाला काहीतरी लांबलचक सांगू लागला, आर्डिसने त्याला बोलू दिलं, मग म्हणाली, “नाही, रस्ता चांगला आहे. बर्फाचा प्रश्न नाही. मी विकत नाही, एवढंच. कोण बोलतंय? आर्डिस टॉलेफ्सन बोलते आहे. हो, मालकीण.”

तिने फोन ठेवला.

“आणि पुढच्या वर्षी?” ओरिनने विचारलं.

“पुढच्या वर्षी पुन्हा भांडू. कोट काढ, बटाटे करपतील.”

त्याने कोट काढायला सुरुवात केली. बटणं त्याला निघत नव्हती. आर्डिस आली, वरची दोन काढून दिली, आणि खालची त्याची त्याला काढू दिली.